‘निप इट इन द बड’ : एका बागायती इंग्रजी वाक्प्रचाराचा अर्थ आणि वापर, नवशिक्यांसाठी

इंग्रजी वाक्प्रचार पाठ करणारे विद्यार्थी मला नागपुरात रोज भेटतात. मराठी माध्यमातून बारावी झालेली, स्पर्धा परीक्षेची किंवा मिहानमधल्या एखाद्या नोकरीच्या मुलाखतीची तयारी करणारी ही मुले वहीच्या पानावर उभी रेघ मारतात, डावीकडे वाक्प्रचार आणि उजवीकडे अर्थ लिहितात, आणि ‘टु निप समथिंग इन द बड’ याच्यासमोर बहुतेक वह्यांत ‘थांबवणे’ हा एकच शब्द सापडतो. हा अर्थ चुकीचा नाही, पण अर्धा आहे. उरलेला अर्धा भाग माहीत नसल्यामुळे काय होते, ते मागच्या पावसाळ्यात माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या निबंधात दिसले. तिने लिहिले होते : ‘आफ्टर डेंग्यू हॅड स्प्रेड टु एव्हरी वॉर्ड, द ऑथॉरिटीज निप्ड इट इन द बड.’ म्हणजे, डेंग्यू प्रत्येक वॉर्डात पसरल्यानंतर प्रशासनाने त्याला ‘निप इन द बड’ केले. व्याकरणाच्या दृष्टीने वाक्यात एकही चूक नाही, तरीही इंग्रजी जाणणारा वाचक त्या वाक्यापाशी अडखळतो, कारण त्यात सांगितलेली गोष्ट घडूच शकत नाही.

ती का घडू शकत नाही, हे कळले की हा वाक्प्रचार आपलासा झाला असे समजावे. त्यासाठी मी वर्गात ज्या क्रमाने शिकवतो, त्याच क्रमाने येथे लिहीत आहे.

पहिली पायरी : अर्थाआधी चित्र पाहावे

‘निप’ म्हणजे चिमटीत किंवा दातांत पकडून तोडणे. मराठीत ‘खुडणे’ हा त्याला सर्वांत जवळचा शब्द आहे. मेथी निवडताना, चहासाठी गवती चहाचे पाते तोडताना किंवा तुळशीची मंजिरी काढताना अंगठ्याचे नख आणि तर्जनी जे करतात, तेच हे काम आहे. त्याला विळा किंवा कुऱ्हाड लागत नाही, जोरही लागत नाही. हे लक्षात ठेवावे, कारण वाक्प्रचाराचा निम्मा अर्थ या हलकेपणात आहे.

‘बड’ या शब्दासाठी मात्र मराठीत दोन शब्द आहेत. ज्यातून फूल उमलते ती कळी आणि ज्यातून फांदी फुटते तो डोळा. इंग्रजीत दोघांनाही ‘बड’ म्हणतात. आपल्या भागातल्या संत्रा उत्पादकाला हा दुसरा अर्थ समजावून सांगावा लागत नाही, कारण त्याची सारी बाग डोळ्यांवरच उभी असते. जंभेरी या लिंबाच्या जातीच्या रोपाच्या खोडाला जमिनीपासून वीतभर उंचीवर किंवा त्याहून थोडी वर काप देऊन, त्यात चांगल्या संत्र्याच्या झाडाचा डोळा बसवून वरून पट्टी बांधतात. याला डोळा भरणे म्हणतात, आणि अमरावती जिल्ह्यातल्या शेंदुरजना घाटच्या रोपवाटिका याच कामासाठी दूरवर ओळखल्या जातात.

काटोलजवळ माझ्या मामांची संत्र्याची बाग आहे. एकदा नवीन लावलेल्या कलमांच्या ओळीतून चालताना ते प्रत्येक रोपापाशी वाकत होते आणि डोळा बसवलेल्या जागेच्या खाली अंगठा फिरवत होते. त्या खालच्या भागातून, म्हणजे जंभेरीच्या खुंटातून, तांदळाच्या दाण्याएवढे हिरवे कोंब डोकावत होते. मामांच्या अंगठ्याखाली ते आवाजही न करता गळून पडत होते. मी कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, “नखानं निघते तोवर काढून घ्यावं, बापू. मंग कैची लागते, आन् कैचीचा घाव झाडाले लागते.” हा कोंब राहू दिला, तर तो जोमाने वाढतो, मुळांनी वर पाठवलेले अन्नपाणी स्वतःकडे ओढतो आणि वर बसवलेला संत्र्याचा डोळा हळूहळू मागे पडतो. काही वर्षांनी बाग संत्र्याची असते आणि काही झाडे मात्र जंभेरीची झालेली असतात. त्या दिवशी मामांनी इंग्रजीचा एक शब्दही न उच्चारता ‘निप इट इन द बड’ याचा संपूर्ण अर्थ सांगितला : वाढल्यावर त्रास देणार हे ज्याच्याबद्दल माहीत आहे, ते अजून नखाने निघते आहे तेव्हाच काढून टाकणे.

हा वाक्प्रचार ज्या देशात घडला तेथे या चित्राला आणखी एक बाजू होती. इंग्लंडमध्ये वसंत सुरू झाल्यावर फळझाडांना कळ्या येतात आणि एप्रिल-मेमध्ये एखाद्या रात्री अचानक दव गोठले की त्या कळ्या जागीच काळ्या पडतात. थंडीच्या या चाव्यालाही तेथे ‘निप’ म्हणतात. डिसेंबरात, विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत नागपूरची सकाळ बोचरी होते, तेव्हा ‘देअर इज अ निप इन द एअर’ असे इंग्रजीत म्हणता येते. त्यातला ‘निप’ हाच. आपल्याकडे कळी गारपिटीने झडते किंवा उन्हाने करपते, गोठत सहसा नाही, त्यामुळे ही बाजू आपोआप सुचत नाही. इंग्रजी लेखनात हा प्रयोग 16व्या शतकाच्या अखेरीपासून आढळतो. 1595 सालच्या एका लेखनात तो ‘इन द ब्लूम’, म्हणजे ‘बहरातच’, अशा रूपात आहे आणि 1607 साली छापलेल्या एका नाटकात ‘इन द बड’ असा आहे. दोन्ही ठिकाणी खुडले जात आहे ते प्रेम किंवा मनातली ओढ. संकटे, अफवा आणि बंडे या वाक्प्रचारात पुढे आली, हे लक्षात ठेवावे; चौथ्या पायरीवर त्याचा उपयोग होणार आहे.

दुसरी पायरी : वेळ तपासावी

माझ्या मते ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, आणि वह्यांतल्या याद्यांमधून नेमकी हीच गळते. ‘निप इन द बड’ हा वाक्प्रचार ‘काय केले’ यापेक्षा ‘केव्हा केले’ हे अधिक सांगतो. गोष्ट सुरू झालेली असली पाहिजे, पण फुललेली नसली पाहिजे. सुरूच झालेली नसेल तर ‘प्रिव्हेंट’ हे क्रियापद वापरावे. फुलून गेली असेल तर ‘स्टॉप’, ‘कंट्रोल’, ‘क्रश’ किंवा ‘पुट अ‍ॅन एंड टु’ यांपैकी प्रसंगाला शोभेल ते घ्यावे. या दोहोंच्या मधली जी अरुंद जागा उरते, ती या वाक्प्रचाराची.

डेंग्यूचेच उदाहरण घेऊ, कारण नागपुरात ते घराघरांतले आहे. उन्हाळा संपतो, कूलर बंद होतो आणि त्याच्या टाकीत तळाशी पाणी तसेच राहते. एडिस डासाची मादी पाण्याच्या कडेला, टाकीच्या भिंतीवर अंडी घालते. अंड्यातून अळी, अळीतून कोष आणि कोषातून डास हा प्रवास अनुकूल हवेत साधारण 8 ते 10 दिवसांत पुरा होतो. म्हणूनच आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळून टाकी रिकामी करावी आणि भिंती घासून काढाव्यात असे सांगितले जाते. नुसते पाणी ओतून देणे पुरत नाही, कारण भिंतीला चिकटलेली अंडी कोरड्या अवस्थेतही कित्येक महिने तग धरतात. आता हा वाक्प्रचार या कालरेषेवर ठेवून पाहावा. कूलर आधीच घासून, पुसून, झाकून ठेवला, तर ते ‘प्रिव्हेन्शन’ झाले. पाण्यात अळ्या वळवळताना दिसल्या आणि त्याच दिवशी गल्लीतल्या सर्वांनी टाक्या रिकाम्या केल्या, तर ‘वी निप्ड द प्रॉब्लेम इन द बड’ असे अभिमानाने लिहावे. वस्तीत पहिले एक-दोन रुग्ण आढळताच धावपळ करून साथ पसरू दिली नाही, तर साथीच्या बाबतीत तीही कळीच होती, त्यामुळे ‘द आउटब्रेक वॉज निप्ड इन द बड’ हे वाक्यही योग्य ठरते. दवाखान्यात खाटा कमी पडू लागल्यानंतर मात्र या वाक्प्रचाराची वेळ टळलेली असते.

हे एकदा पक्के झाले की दोन लहान चुका आपोआप टळतात. पहिली चूक म्हणजे ‘निप इट इन द बड अ‍ॅट अ‍ॅन अर्ली स्टेज’ असे लिहिणे. ‘बड’ म्हणजेच सुरुवातीची अवस्था, त्यामुळे पुढचे शब्द निव्वळ पुनरुक्ती आहेत. दुसरी चूक म्हणजे ‘ग्रॅज्युअली’ किंवा ‘स्लोली’ ही क्रियाविशेषणे जोडणे. कळी खुडायला एक क्षण पुरतो; ती हळूहळू खुडता येत नाही.

तिसरी पायरी : काय खुडता येते ते ठरवावे

ज्या गोष्टीला वाढ आहे, तीच खुडता येते. अफवा, संशय, भांडण, वाईट सवय, बंडखोरी, संसर्ग, गैरसमज, एखादा बेत, नुकतेच जुळू लागलेले प्रेम या सर्वांना वाढ आहे. अपघात, भूकंप किंवा चुकलेली गाडी यांना ती नाही. या गोष्टी एकदम घडतात, त्यामुळे ‘निप द अ‍ॅक्सिडेंट इन द बड’ हे चालत नाही. माणसालाही थेट कर्म करता येत नाही. ‘द पोलीस निप्ड द थीफ इन द बड’ असे एका उत्तरपत्रिकेत मी वाचले आहे. तेथे चोराऐवजी चोरीचा बेत आणावा, ‘निप्ड द प्लॅन इन द बड’ असे लिहावे, म्हणजे वाक्य उभे राहते.

याच ठिकाणी आणखी एक धोका असतो, तो म्हणजे एका वाक्यात तीन-तीन चित्रे कोंबण्याचा. 18व्या शतकात आयर्लंडच्या संसदेत सर बॉइल रोश नावाचे एक सदस्य होते. त्यांच्या नावावर एक वाक्य सांगितले जाते, त्याचा आशय असा : ‘मला उंदराचा वास येतो आहे, तो हवेत आकार घेताना आणि आभाळ काळवंडून टाकताना मला दिसतो आहे, पण मी त्याला कळीतच खुडून टाकीन.’ उंदराचा वास येणे म्हणजे इंग्रजीत संशय येणे, काळवंडलेले आभाळ म्हणजे येऊ घातलेले संकट, आणि कळी खुडणे तर आपण पाहतोच आहोत. तिन्ही प्रतिमा आपापल्या जागी योग्य आहेत, परंतु उंदराला ना ढग होता येते ना कळी. परीक्षेच्या निबंधात छाप पाडण्यासाठी वाक्प्रचारांची माळ ओवणाऱ्यांनी हे वाक्य जवळ ठेवावे. एका परिच्छेदात एक चित्र पुरते.

व्याकरणाचे थोडे

येथे फार काही नाही. क्रियापद आधी, कर्म मध्ये आणि ‘इन द बड’ शेवटी हा क्रम सांभाळावा : ‘वी मस्ट निप धिस रूमर इन द बड.’ ‘द’ गाळू नये. कर्म अनेकवचनी असले तरी ‘बड’ एकवचनीच राहते. ‘दीज हॅबिट्स’ असे असले तरी ‘निप देम इन द बड’ असेच म्हणावे. भूतकाळी रूप लिहिताना पी हे अक्षर दोनदा येते आणि उच्चार ‘निपेड’ होत नाही, ‘निप्ट’ होतो. वृत्तपत्रांत कर्मणी प्रयोग वारंवार दिसतो : ‘द प्रोटेस्ट वॉज निप्ड इन द बड.’ बोलताना शेवटचा ‘ड’ स्पष्ट उच्चारावा. तो निसटून ‘बट’ झाला तर ऐकणाऱ्याला बसण्याचा अवयव ऐकू येतो, आणि ही चूक इंग्रजी मातृभाषा असणारेही लिहिण्यात करतात. कारण त्यांनी तो शब्द ऐकलेला असतो, कळी पाहिलेली नसते.

चौथी पायरी : मराठीत आणताना कळी बाजूला ठेवावी

भाषांतर करणाऱ्यांनी आणि मराठीतून विचार करून इंग्रजी लिहिणाऱ्यांनी येथे थोडे थांबावे. ‘निप इट इन द बड’ याचे शब्दशः मराठी ‘कळीतच खुडणे’ असे होते, आणि अलीकडे बातम्यांच्या घाईच्या अनुवादांत ‘गुन्हेगारी कळीतच खुडली’ अशी वाक्ये दिसू लागली आहेत. मला ती खटकतात. मराठी माणसाच्या मनात कळी खुडली जाणे ही दुःखाची गोष्ट आहे. एखादे मूल अकाली गेले, एखाद्या मुलीचे शिक्षण सातवीत सुटले, तेव्हा ‘उमलण्याआधीच कळी खुडली’ असे आपण म्हणतो. आपली कळी निष्पाप असते. तिच्या जागी गुन्हेगारी बसवली की वाचकाच्या मनात क्षणभर गुन्हेगारीबद्दल हळहळ निर्माण होते, आणि ती लेखकाला अपेक्षित नसते.

इंग्रजीतली ‘बड’ मात्र बरी किंवा वाईट, दोन्ही असू शकते. म्हणूनच ‘हर टॅलेंट वॉज निप्ड इन द बड’ हे वाक्यही शुद्ध इंग्रजी आहे, आणि पहिल्या पायरीवर पाहिलेल्या जुन्या प्रयोगांत जे खुडले जात होते तेही प्रेमच होते. एकाच इंग्रजी वाक्प्रचाराचे मराठीत दोन वाटांनी भाषांतर करावे लागते, आणि कोणती वाट घ्यायची ते एका प्रश्नाने ठरते : जे खुडले गेले त्याबद्दल लेखकाला हळहळ आहे का? असेल, तर कळी खुशाल आणावी. ‘तिच्या गुणांची कळी उमलण्याआधीच खुडली गेली’ हे सुंदर मराठी आहे. नसेल, तर ‘वेळीच आवर घालणे’, ‘वेळीच ठेचणे’, ‘सुरुवातीलाच मोडून काढणे’ यांपैकी एक निवडावे. यांत ‘वेळीच’ हा शब्द लहान दिसतो, पण वाक्प्रचाराचा सारा भार तोच उचलतो. तो गाळला तर भाषांतर पुन्हा वहीतल्या ‘थांबवणे’पाशी येऊन पोचते.

‘बीमोड करणे’ हा शब्द अनेकांना जवळचा वाटतो, कारण त्याच्या पोटात ‘बी’ आहे. परंतु आपण बंडाचा बीमोड केला असे म्हणतो, तेव्हा बंड चांगले पेटलेले असू शकते. तेथे भर समूळ नाशावर असतो, वेळेवर नसतो. ‘मुळावर घाव घालणे’ यातही भर कारणावर आहे आणि इंग्रजीत त्याच्या जवळ ‘स्ट्राइक अ‍ॅट द रूट’ हा वेगळा प्रयोग आहे. उलट मामांनी सांगितलेले ‘नखाने निघते तोवर’ हे शब्द मला या सर्वांपेक्षा मूळ अर्थाच्या जवळचे वाटतात, आणि प्रसंग घरगुती असेल तर भाषांतरात ते वापरायला मी कचरणार नाही.

बागेतून आलेल्या ‘वीड आउट’ या प्रयोगाशीही पुष्कळांची गल्लत होते. शेतात निंदण करताना आपण पिकाला धक्का न लावता त्यातले तण तेवढे वेचून काढतो. ‘वीड आउट’ म्हणजे चांगल्यांच्या गर्दीतून वाईट निवडून काढणे : अर्जांमधून अपात्र अर्ज, यादीतून दुबार नावे. तेथे निवड महत्त्वाची असते आणि तण कितीही वाढलेले असू शकते. ‘निप’मध्ये निवड नसते, घाई असते.

बागकाम करणाऱ्या वाचकांना एक शंका येईल, आणि ती रास्त आहे. झेंडूचा शेंडा खुडला तर झाड मरत नाही, उलट त्याला बाजूने फांद्या फुटून फुले वाढतात. शेवंतीच्या बाजूच्या कळ्या काढल्या की राहिलेले फूल मोठे होते. मग खुडणे म्हणजे संपवणे कसे? बागेत खुडणे झाडाच्या भल्यासाठी असते. वाक्प्रचाराने मात्र झाड सोडून फक्त कळीकडे पाहिले आहे. त्या कळीपुरते पाहिले तर खुडणे म्हणजे शेवटच.

पाचवी पायरी : सराव

रोजच्या वर्तमानपत्रातली तीन शहर-वृत्ते घ्यावीत, मराठी असली तरी चालतील. प्रत्येक बातमीपुढे पेन्सिलीने तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत : ही गोष्ट सुरू झाली होती का, ती फुलली होती का, आणि तिला वाढ आहे का. पहिल्याचे ‘होय’, दुसऱ्याचे ‘नाही’ आणि तिसऱ्याचे ‘होय’ असे आले, तरच त्या बातमीवर या वाक्प्रचाराचे वाक्य करावे. बहुतेक दिवशी तीनपैकी एकही बातमी कसोटीला उतरत नाही, कारण फुलल्याशिवाय गोष्टीची बातमी सहसा होत नाही. त्यामुळे निराश होऊ नये. घरातले आणि वर्गातले प्रसंग अधिक उपयोगी पडतात : दोन मैत्रिणींमधला गैरसमज, भावाला लागू पाहणारी तंबाखू-सुपारीच्या खर्‍याची सवय, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात सकाळी पडलेला आणि दुपारपर्यंत खोटा ठरवलेला निरोप. मुलाखतीत ‘एखादी अडचण तुम्ही कशी हाताळली?’ असे विचारले जाते, तेव्हा अशाच खऱ्या प्रसंगावर बेतलेले ‘आय ट्राइड टु निप द मिसअंडरस्टँडिंग इन द बड बाय टॉकिंग टु बोथ ऑफ देम द सेम इव्हनिंग’ हे वाक्य उत्तम बसते. त्यात वाक्प्रचार आहे आणि ‘द सेम इव्हनिंग’ हा वेळेचा पुरावाही आहे. सुरुवातीच्या सरावात असा पुरावा प्रत्येक वाक्यात लिहिण्याची सवय लावावी.

निबंध लिहिणाऱ्या मुलीने या रीतीने आपले वाक्य पुन्हा लिहिले. तिचे नवे वाक्य असे होते : ‘इफ वी हॅड ड्रेन्ड अँड स्क्रब्ड अवर कूलर्स द डे वी सॉ द फर्स्ट लार्व्ही, वी कुड हॅव निप्ड द आउटब्रेक इन द बड.’ पहिल्या अळ्या दिसल्या त्याच दिवशी कूलर उपसून घासले असते, तर साथीला वेळीच आवर घालता आला असता. तिच्या वहीच्या उजव्या रकान्यात ‘थांबवणे’ हा शब्द अजून तसाच आहे. त्याच्या पुढे पेन्सिलीने लिहिले आहे, ‘अळ्या दिसल्या त्याच दिवशी’.